चौदावं प्रकरण मी वाचलंच नाही

ताई,

माझं वय २७. फॅनफिक, म्हणजे मालिका-पुस्तकांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी, वाचते त्याला सात-आठ वर्षं झाली. एकमेकांशी नीट बोलता न येणारी, हळूहळू जवळ येणारी माणसं मला आवडतात. पण गोष्टीत शरीरसंबंधाचं सविस्तर वर्णन सुरू झालं की माझं बोट आपोआप पान पुढे सरकवतं. किळस येत नाही. थोडा कंटाळा येतो, थोडं अवघडल्यासारखं होतं. आमच्या ग्रुपमध्ये यावरून माझं नाव ‘सोवळी’ पडलंय.

माझ्या जवळच्या मैत्रिणीनं २२ प्रकरणांची गोष्ट लिहिली आणि मला बीटा, म्हणजे प्रसिद्ध करण्याआधी वाचून मत देणारी, व्हायला सांगितलं. त्यात १४वं आणि १९वं प्रकरण तसलं आहे. १४वं मी न वाचताच ‘फार सुंदर जमलंय’ असं कळवलं. मग तिनं विचारलं, ‘तो जखमेबद्दल खरं सांगतो ती जागा घाईत उरकलीय का?’ मी म्हटलं, ‘नाही, बरोबर आहे.’ तेव्हापासून तिच्याशी बोलायला नको वाटतं.

आणखी एक, जे कुणाला सांगितलेलं नाही. एका जोडीच्या, फक्त एकाच जोडीच्या, एक्सप्लिसिट, म्हणजे सगळं उघड लिहिलेल्या, गोष्टी मी वाचते. शोधून वाचते. काही तर तीनदा वाचल्यात. बुकमार्क खासगी ठेवलेत. मग मी ढोंगी आहे का? की माझ्यात काही कमी आहे आणि सवय लावून घ्यायला हवी?

— पान सरकवणारी

*

प्रिय पान सरकवणारी,

तुझं पत्र वाचताना मला माझी एक खोड आठवली. मला मारामारी वाचवत नाही. तलवारी उपसल्या की मी सरळ खाली जाते, कोण जिवंत उरलंय ते बघते आणि तिथून पुढे वाचायला लागते. मोठमोठी युद्धं मी अशी ओलांडली आहेत. पण आजवर मला कुणी भित्री म्हटलेलं नाही आणि आपल्यात काही कमी आहे का, असा प्रश्न मलाही पडलेला नाही. खुनाच्या गोष्टी रात्र रात्र जागून वाचणाऱ्या माणसाशेजारी बसायलाही कुणी घाबरत नाही. शरीरसंबंधाचा प्रसंग आला की मात्र वाचणारीचीही उलटतपासणी आणि न वाचणारीचीही. वाचलं तर ‘असली’, नाही वाचलं तर ‘सोवळी’. तू दोन्ही करतेस, म्हणून दोन्हीकडून स्वतःलाच आरोपी करून बसली आहेस.

तुझ्या पत्रातली आवडनिवड मला फारशी गंभीर वाटत नाही. मैत्रिणीची गोष्ट वाटते. म्हणून आधी तीच.

तू तिची नुसती वाचक असतीस तर १४वं प्रकरण वगळून ‘गोष्ट आवडली’ म्हणायला काहीच हरकत नव्हती. वाचक कुठूनही वाचायला सुरुवात करू शकते, कुठेही थांबू शकते, शेवट आधी वाचू शकते. बीटाचं तसं नाही. बीटाच्या डोळ्यांवर विसंबून लिहिणारी पुढचं पाऊल टाकते. तिनं तुला ‘कसं वाटलं’ असं मोघम विचारलं नव्हतं. एका नेमक्या जागेबद्दल विचारलं होतं, म्हणजे ती जागा तिला स्वतःलाच खटकत होती. तू ‘बरोबर आहे’ म्हटलंस आणि तिची कदाचित बरोबर असलेली शंका पुसून टाकलीस. तुला झोंबतंय ते हे. प्रसंग वगळल्याचा सल तुला नाही, असं मला तरी वाटतं.

आणि जरा विचार कर, जखमेबद्दलचं खरं तिनं नेमकं त्याच प्रकरणात का ठेवलं असेल? जखम लपवून हिंडणाऱ्या माणसाला खरं बोलायची पाळी कधी येणार? अंगावर कपडे असताना तर नाहीच. सदरा निघाला की व्रण दिसणार, व्रण दिसला की समोरचा विचारणार, आणि त्या क्षणी थाप मारायची तर डोळ्यांत बघून मारावी लागणार. मैत्रीण तुझी हुशार आहे. तिनं त्याला अशा जागी गाठलंय जिथून पळता येत नाही. चांगल्या गोष्टीतला असा प्रसंग बहुतेक वेळा काहीतरी काम करत असतो. कुणाचा तरी खोटेपणा उघडा पडतो, कुणाला तरी पहिल्यांदा ‘नको’ म्हणता येतं, कुणीतरी भलतंच नाव घेतं. तू वर्णन ओलांडायला गेलीस आणि कथानकाचा सांधाच ओलांडून गेलीस.

तिला आजच कळव. लांबण लावू नकोस. मी असं लिहीन:

‘१४वं प्रकरण मी वाचलेलं नाही. असे प्रसंग मी वगळते, हे बीटा व्हायला हो म्हणतानाच सांगायला हवं होतं. जखमेच्या जागेबद्दल मी न वाचता उत्तर दिलं, ते धरू नकोस. तेवढा भाग वेगळा काढून पाठवलास तर आज रात्री वाचते. बाकीच्या वर्णनासाठी दुसरी कुणीतरी बघ, मी त्या कामाची नाही.’

एवढंच. ‘मी किती वाईट मैत्रीण आहे’ हे त्यात घालू नकोस. ते घातलंस की तुझं सांत्वन करायचं काम तिच्या गळ्यात पडेल. ‘लेखन उत्तमच आहे, माझंच काहीतरी चुकतं’ हेही नको. उत्तम आहे की नाही ते तुला ठाऊकच नाही, तू वाचलेलं नाहीस! ती रागावेल, एखादा दिवस. पण बीटाचं काम वाटून देणं ही काही अघटित गोष्ट नाही. एकजण भाषा बघते, दुसरी कॅननशी, म्हणजे मूळ कथेशी, मेळ बसतो का ते बघते, तिसरी फक्त असल्या प्रसंगांत कुणाचा हात कुठे आहे ते मोजते. हे शेवटचं चेष्टेनं लिहीत नाही. दोघांच्या प्रसंगात तिसरा हात उगवणं ही फॅनफिकमधली जुनी आणि लाडकी चूक आहे.

आता ढोंगाचं. ढोंगी कोण? जी चारचौघांत नाक मुरडते, दुसऱ्यांच्या लिहिण्याला घाण म्हणते आणि रात्री तेच वाचते, ती. तू कुणाला नावं ठेवल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं वेगळं आणि ताक आवडतं हे गावभर सांगत न फिरणं वेगळं. खासगी बुकमार्कची सोय ठेवलेलीच मुळी त्यासाठी आहे.

तसं बघितलं तर हे झाकून ठेवणं तुझ्या-माझ्यापेक्षा जुनं आहे. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेतल्या कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांमधल्या संबंधांची पहिली छापील गोष्ट म्हणून जी ओळखली जाते, ती १९७४ मध्ये एका फॅन मासिकात आली. तिच्यात त्या दोघांची नावंच नाहीत. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. पुढे या जोडीची नावं मध्ये तिरकी रेघ देऊन लिहायची पद्धत पडली आणि त्या रेघेवरून अशा दोन पुरुषांच्या गोष्टींसाठी ‘स्लॅश’ हा शब्द आला. त्या काळात प्रौढांसाठीची फॅन मासिकं टपालानं मागवायची तर आपण सज्ञान आहोत असं सही करून कळवावं लागे. त्या बायकांच्या (बहुतेक बायकाच होत्या) कपाटाच्या तळाशी काय होतं, ते घरच्यांना ठाऊक नसणार. तुझे खासगी बुकमार्क त्याच कपाटातले.

पण मग ही एकच जोडी का? या प्रश्नाचं उत्तर मला तुझ्या अपराधीपणापेक्षा खूपच जास्त जाणून घ्यावंसं वाटतं, आणि ते फक्त तुलाच शोधता येईल. ज्या गोष्टी तू तीनदा वाचल्यास त्यांतल्या दोन उघड. परत वाचू नकोस, नुसती नजर फिरव आणि ती कुठे अडकते ते बघ. शरीराच्या वर्णनावर? की मधल्याच एखाद्या वाक्यावर, ‘थांबू का?’ ‘नको’ असल्या? की नंतरच्या शांततेवर, जिथे एकजण उठून खिडकी लावतो?

माझे काही अंदाज आहेत, पटले तर घे. कदाचित त्या जोडीवर लिहिणारी माणसं प्रसंगभर पात्रांना बोलू देत असतील. कितीतरी लेखकांच्या हातून अशा जागी पात्रं गायब होतात आणि फक्त अवयव उरतात. बावीस प्रकरणं ज्याचं खवचट बोलणं ऐकत आलो तो माणूस अचानक मुका होतो आणि कवायत सुरू होते. तुला कंटाळा येतो म्हणालीस ना? तो बराचसा याचा असू शकेल. कंटाळा ही वाचकाची अक्कल असते पुष्कळदा.

किंवा असं असेल, की त्या दोघांना तू इतकं आतून ओळखतेस की तुला वर्णन वर्णन वाटतच नाही. फॅनफिकची हीच तर गंमत. लेखकाला ओळख करून द्यावी लागत नाही. मनगटावर ठेवलेल्या एका हातामागे मूळ मालिकेतला सगळा अबोला उभा असतो आणि तो वाचणारीनं सोबत आणलेला असतो. ज्या जोडीबद्दल असं काही सोबत नाही, तिथे तेच वर्णन परक्याच्या खोलीत चुकून शिरल्यासारखं वाटतं. मग बोट पान सरकवतं. त्यात नवल ते काय?

तिसरी शक्यता जरा नाजूक आहे. तुझी ती जोडी दोन पुरुषांची आहे का? तू लिहिलं नाहीस, मी विचारत नाही. असेल तर एवढंच सांगते, की स्लॅश वाचणाऱ्या पुष्कळ बायका असं म्हणतात की तिथे आपल्यासारखं शरीर कुणाचंच नसतं, त्यामुळे तुलना सुटते. माझं पोट असं आहे का, मी असं बोलले असते का, मला हे चाललं असतं का, ही आतली कटकट थांबते आणि गोष्ट नुसती गोष्ट म्हणून वाचता येते. अवघडलेपणाचा संबंध पुष्कळदा या कटकटीशी असतो. वर्णन किती उघडं आहे याच्याशी तितका नसतो.

यातलं एकही खरं नसेल आणि तुला ती जोडी उगीचच आवडत असेल, तर तेही चालतं.

एक मात्र करू नकोस. वाचनाच्या आवडीवरून स्वतःला एखादं नाव देऊन मोकळी होऊ नकोस. ग्रुपमधली एखादी म्हणेल, ‘वगळतेस म्हणजे तू अमुक.’ अलैंगिक, म्हणजे लैंगिक आकर्षण न वाटणारी, माणसं आहेत, आणि त्यांच्यातली काही जण असे प्रसंग आवडीनं वाचतात, काही तर उत्तम लिहितात, काहींना ओळदेखील नको वाटते. ज्यांचं प्रत्यक्ष आयुष्य मजेत चाललंय अशाही कित्येक बायका तुझ्यासारखंच पान सरकवतात. आपण काय वाचतो आणि आपण काय जगतो यांच्यात दार असतं, पण ते दोन्ही बाजूंनी उघडेलच असं नाही. तुला स्वतःबद्दल काही शोधायचं असेल तर जरूर शोध, फक्त बुकमार्कांच्या यादीला पुरावा समजू नकोस. आणि वगळताना कंटाळ्याऐवजी छातीत धडधड होत असेल, जुनं काही वर येत असेल, तर ते मला पत्रात लिहिण्याऐवजी समुपदेशकाशी समोर बसून बोल. तुझ्या शब्दांवरून तसं वाटलं नाही, तरी सांगून ठेवते.

सवय लावून घ्यावी का, म्हणतेस. कशासाठी? परीक्षा आहे का? कुतूहल वाटलं तर वाच, नाही वाटलं तर सोड. ग्रुपला दाखवायला म्हणून वाचलेलं एक प्रकरण तुला आणखी दहा प्रकरणांपासून लांब नेईल.

आता थोडं कामाचं, कारण तू गोष्टी निवडताना बहुधा अंदाजानंच निवडतेस. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिकच्या संकेतस्थळावर पाच रेटिंग आहेत: जनरल, टीन अँड अप, मॅच्युअर, एक्सप्लिसिट आणि नॉट रेटेड. पुष्कळ जणी एक्सप्लिसिट गाळतात आणि नॉट रेटेड तसंच राहू देतात. नॉट रेटेडचा अर्थ ‘साधी गोष्ट’ असा नाही. लेखकानं रेटिंग दिलेलं नाही, म्हणजे आत काहीही असू शकतं. तसंच गोष्टीत धक्कादायक काही आहे का ते सांगणाऱ्या इशाऱ्यांचं: ‘लेखकानं इशारे न देणं पसंत केलं’ आणि ‘कोणताही इशारा लागू नाही’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिल्यात सगळी शक्यता उघडी आहे. मॅच्युअर आणि एक्सप्लिसिट यांच्यातली रेघ लेखकच आपल्या अंदाजानं ओढतो, तेव्हा एकीचं मॅच्युअर दुसरीच्या एक्सप्लिसिटपेक्षा धीट निघू शकतं.

पण तू एक्सप्लिसिट सरसकट गाळू नयेस असं मला वाटतं. रेटिंग अख्ख्या गोष्टीला लागतं. बावीस प्रकरणांत एकच प्रसंग उघडा असला तरी पूर्ण गोष्टीवर तोच शिक्का बसतो. तुला आवडणाऱ्या स्लो बर्न गोष्टी तर याच शिक्क्याखाली ढिगानं सापडतात. वीस प्रकरणं नुसती चुटपुट आणि मग एकदाच काय ते. गाळलंस तर ती वीस प्रकरणंही जातील. त्यापेक्षा टॅग वाच. ‘फेड टू ब्लॅक’ असेल तर दार लागताच प्रसंग संपतो. ‘पीडब्ल्यूपी’ असेल तर त्या प्रसंगाखेरीज गोष्टीत दुसरं काही शोधू नकोस. जोडीच्या नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर प्रेम किंवा शरीरसंबंध, आणि ‘अँड’चं चिन्ह असेल तर मैत्री किंवा नातं, हेही त्या संग्रहावर ठरलेलं आहे. काही भल्या लेखिका प्रकरणाच्या सुरुवातीला लिहून ठेवतात, की वगळायचं असेल तर अमुक वाक्यापाशी थांबा, तमुक वाक्यापासून पुढे वाचा, आणि मध्ये कथानकाचं काय झालं ते तळटिपेत आहे. मैत्रिणीला ही कल्पना सुचव. जखमेचा उलगडा प्रसंगात असल्यामुळे तिला ती तळटीप लिहायला जड जाईल, पण लिहिताना तिलाच कळेल की ती जागा खरोखर घाईत उरकलीय का.

राहिला ग्रुप. ‘सोवळी’ म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे, पण त्यांची नस कुठे दुखते तेही सांगायला हवं. या विश्वात ‘मला असलं नको’ हे वाक्य फार वेळा ‘कुणालाच असलं मिळू नये’ याची पहिली पायरी ठरलं आहे. फॅनफिक्शन डॉट नेटनं २००२ मध्ये प्रौढांसाठीचं सर्वांत वरचं रेटिंग बंद केलं आणि तसल्या गोष्टी काढून टाकल्या. २००७ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या संकेतस्थळानं एका झटक्यात शेकडो खाती बंद केली. बंद खात्यांची नावं काट मारलेली दिसायची, म्हणून त्या प्रकाराचं नावच ‘स्ट्राइकथ्रू’ पडलं. त्यांतली बरीच नंतर परत सुरू झाली, पण विश्वास गेला तो गेलाच. आपलं लिखाण आपल्याच मालकीच्या जागेत असावं ही मागणी त्याच वर्षी जोर धरू लागली आणि ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ २००९ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. ज्यांच्या वर्षानुवर्षांच्या गोष्टी अशा रातोरात गेल्या, किंवा ज्यांनी ते ऐकलंय, त्यांना तुझ्या साध्या ‘मी वगळते’मध्येही कात्रीचा आवाज ऐकू येतो.

तुझ्या हातात कात्री नाही, हे त्यांना एकदा स्पष्ट सांग. ‘तुम्ही लिहा, टॅग नीट लावा, मी माझं बघते,’ एवढ्यात भागतं. त्यानंतरही कुणी चिडवलंच, तर ती स्वतः काय काय वगळते ते विचार. प्रत्येकीचं काहीतरी निघतं. कुणी मरणाची प्रकरणं वाचत नाही, कुणी लहान बाळं आली की गोष्ट बंद करते, आणि माझ्यासारखी एखादी तलवारी बघून पळते. आणि खासगी बुकमार्कांचा खुलासा करायला तू बांधील नाहीस. ‘बघा, मीही वाचते’ असं म्हणून तो पुरावा टेबलावर ठेवायचा मोह होईल. ठेवू नकोस. एकदा ठेवलास की त्या दोघांबद्दल तुला रोज विचारतील.

जाता जाता एक. पत्रात तू १४व्या आणि १९व्या अशा दोन प्रकरणांचा उल्लेख केलास, आणि कबुली फक्त १४व्याची दिलीस. १९वंही तसंच सरकवलंस ना? मग दोन्ही एकाच निरोपात सांग. तिला दोनदा रागवायला लावू नकोस.

— तुझी, ताई